मातीत गेलेला धातू जातो कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



गणपतीच्या मांडवात मातीवर बोलणार आहोत, असे कळल्यावर दोन-तीन परिचितांनी आम्हाला विचारले, "मातीवर काय बोलणार? एकरी किती खत टाकायचे ते?" आजचा विषय थोडा वेगळा आहे. मातीत साचणारे जड धातू, ते येतात कुठून, आपल्या ताटापर्यंत पोचतात कसे आणि ते थांबवण्यासाठी आपण काय करायचे, याविषयी बोलायचे आहे. विषय रसायनशास्त्राचा असला, तरी सुरुवात बिदरच्या एका अभिमानाच्या गोष्टीने करू.

बिदरी काम आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी असेल. लग्नात आलेली सुरई, अत्तरदाणी, नाहीतर निवृत्तीच्या समारंभात मिळालेली तबकडी. बिदरीचा मूळ धातू म्हणजे जस्त आणि त्यात थोडे तांबे, साधारण सोळास एक या प्रमाणात. ओतीव भांडे घासून गुळगुळीत करतात, त्यावर मोरचूद लावून तात्पुरता काळेपणा आणतात, नक्षी कोरतात आणि त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी खरी करामत असते ती मातीची. किल्ल्यातली जुनी माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडे बुडवले की जस्त काळेकुट्ट होते आणि चांदी पांढरी शुभ्र राहते. ही माती योग्य आहे की नाही हे जुने कारागीर कसे ठरवतात? चिमूटभर जिभेवर ठेवून. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्यांच्या जिभेला मातीतले क्षार कळतात.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. आपल्या मुलखात मातीची पारख करणारी माणसे आहेत. शेतकरी ढेकूळ हातात घेऊन वाफसा सांगतो, कुंभार बोटांनी चिकणमाती ओळखतो, बिदरीचा कारागीर चव घेतो. पण ज्या धातूंविषयी आज बोलायचे आहे, त्यांची चव जिभेला लागत नाही, वास नाकाला येत नाही आणि रंग डोळ्यांना दिसत नाही. शेतात पीक हिरवेगार उभे असते, विहिरीचे पाणी नितळ असते. हजारो वर्षांच्या आपल्या पारखीला हे संकट सापडत नाही. म्हणूनच त्याविषयी वेगळे बोलावे लागते.

जड धातू म्हणजे काय? शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त ही त्यांतली नेहमीची नावे. आर्सेनिक, म्हणजे जुन्या वैद्यकातला सोमल, शास्त्राच्या काटेकोर भाषेत पूर्ण धातू नव्हे; पण त्याचे वागणे असे की त्याला याच पंगतीत बसवतात. हे सगळे विषारीच असेही समजू नये. तांबे आणि जस्त पिकाला लागतात, माणसालाही लागतात. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पिकाला जस्त पुरेसे मिळत नाही, म्हणून तर शेतकरी झिंक सल्फेट आणून टाकतो. तेच जस्त प्रमाणाबाहेर गेले की पिकाला अपाय करते. शिसे, कॅडमियम, पारा यांचा मात्र शरीराला कसलाच उपयोग नाही. ते जेवढे आत जाईल तेवढे नुकसानच.

आता भाषणाच्या शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. शेतात शेण टाकले तर ते कुजते. पालापाचोळा कुजतो. अनेक कीटकनाशकेसुद्धा जिवाणू आणि ऊन-पाऊस हळूहळू मोडतात. धातूचे तसे नाही. धातू हे मूलद्रव्य आहे. त्याला मोडून आणखी साधे काही करता येत नाही. तो मातीच्या कणाला चिकटेल, पाण्याबरोबर खाली उतरेल, मुळावाटे पिकात शिरेल किंवा धुळीबरोबर उडून दुसरीकडे जाऊन बसेल. त्याची जागा बदलते, तो नष्ट होत नाही. शिशासारखा धातू मातीच्या वरच्या थरात शेकडो वर्षे टिकतो. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्याआधीची कित्येक वर्षे वाहनांच्या धुरातून जे शिसे हमरस्त्यांच्या कडेला पडले, ते तिथल्या मातीत अजून आहे. ज्या मुलाने तो धूर कधी पाहिला नाही, ते आज त्या मातीत खेळते.

हे सगळे दूरदेशीचे वाटू नये म्हणून आपल्याच भागातले एक गाव सांगतो. यादगीर जिल्हा २००९ च्या अखेरीपर्यंत आपल्या कलबुर्गी जिल्ह्याचाच भाग होता. त्याच्या सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा नावाची वस्ती आहे. जवळच मंगळूरच्या परिसरात जुन्या काळी सोन्याच्या खाणी होत्या. सोन्याच्या खडकात पुष्कळदा आर्सेनिकची खनिजे मिसळलेली असतात. सोने काढून घेतले जाते, उरलेला चुरा तिथेच पडतो आणि पावसापाण्याने आर्सेनिक मोकळे होत राहते. तांड्यावरच्या लोकांच्या हातापायांवर कठीण गाठी, अंगावर काळे-पांढरे ठिपके दिसू लागले. बंगालमधील आर्सेनिकचा प्रश्न जगापुढे आणणारे जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागाचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला.

त्यातले आकडे शांतपणे ऐकावेत. कूपनलिकांच्या पाण्याचे ५९ नमुने तपासले. त्यांतल्या ७९ टक्के नमुन्यांत आर्सेनिक लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा एवढीच आहे. सर्वांत वाईट नमुन्यात ते ३०३ होते, म्हणजे मर्यादेच्या तीसपट. वरच्या थरातल्या मातीचे जे १२ नमुने घेतले, त्यांतल्या सहा नमुन्यांत किलोमागे २००० मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक होते. साध्या जमिनीत ते किलोमागे पाच-दहा मिलिग्रॅमच्या आसपास असते. आणि तपासलेल्या १८१ माणसांपैकी निम्म्याहून अधिक, ५८.६ टक्के, लोकांच्या त्वचेवर आर्सेनिकची लक्षणे होती.

विचार करा. त्या तांड्यातल्या कुणीही सोन्याचा कण पाहिला नव्हता. खाणी त्यांच्या आजोबांच्या काळातल्या किंवा त्याही आधीच्या. सोने ज्यांना न्यायचे ते घेऊन गेले आणि सोमल गावात राहिला. मातीच्या प्रदूषणाचा हिशेब असाच असतो. नफा एकाचा आणि एका काळातला. भोग दुसऱ्याचा आणि पुढच्या कित्येक पिढ्यांचा.

आता बिदरजवळ येऊ. नौबादला लागून असलेले कोल्हार औद्योगिक क्षेत्र आपण सगळे जाणतो. औषधे आणि रसायने तयार करणारे कारखाने तिथे आहेत. त्यामुळे अनेक घरांत चूल पेटते, हे विसरून चालणार नाही. पण आसपासच्या गावांतून वासाच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या तक्रारीही वर्षानुवर्षे येत राहिल्या आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गुण असलेली क्षेत्रे 'अतिगंभीर' आणि ६० ते ७० मधली 'गंभीर' धरली गेली. या दुसऱ्या यादीत रायचूरबरोबर बिदरचेही नाव होते. परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचा आनंद होऊ नये, अशी ही एकच परीक्षा असेल.

कोल्हारच्या भोवतालचे प्रत्येक शेत विषारी झाले आहे, असे आम्ही म्हणत नाही. मापल्याशिवाय तसे म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय होईल. उद्या त्याची भाजी बाजारात कुणी घेणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की तिथली जमीन कशी आहे, याकडे जास्त लक्ष द्यायला हवे. बिदर शहर जांभ्या खडकाच्या पठारावर वसले आहे. हा लाल खडक सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या काळ्या खडकाला अडून साठते. बहामनी काळातल्या स्थापत्यकारांनी हेच ओळखून नौबादची करेज, आपण जिला सुरंग बावी म्हणतो ती, खोदली. पाणी पोटात घेणारा खडक म्हणून त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला. पण जो खडक पावसाचे पाणी सहज आत घेतो, तो वर सांडलेले सांडपाणीही तितक्याच सहज आत घेतो. बहामनींचे वैभव आणि आजचा धोका एकाच दगडातून येतो.

आपल्या जमिनीविषयी एक दिलाशाची गोष्टही सांगायला हवी. बिदरच्या सखल भागातली आणि कलबुर्गीकडची काळी जमीन अल्कधर्मी आहे, तिच्यात चुनखडी आहे, चिकणमाती भरपूर आहे. अशी जमीन शिसे आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवते. ते पिकात सहजासहजी जात नाही. आम्लधर्मी जमिनीत तेच झटकन मोकळे होते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची चव याच काळ्या जमिनीची देणगी. मात्र जमिनीच्या या गुणावर विसंबून राहता येत नाही. आर्सेनिक आणि क्रोमियमचे विषारी रूप यांचे वागणे नेमके उलटे आहे. अल्कधर्मी जमिनीत ते जास्त मोकळे फिरतात. शिवाय घट्ट धरून ठेवणे म्हणजे साठवत जाणे. कोठाराचे पोट कितीही मोठे असले, तरी ते कधीतरी भरतेच.

नदीचेही तसेच. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावते, लातूरकडून आपल्याकडे येते आणि पुढे तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा एकीकडे, भालकी-औराद आपल्याकडे, जहिराबाद-नारायणखेड तिसरीकडे. नदीची वाटणी झाली नाही. खाली हैदराबादच्या वाटेवर पाटणचेरूची औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकात उभी राहिली. तिथले सांडपाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरेला मिळत राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या मातीत क्रोमियम, शिसे, निकेल, आर्सेनिक यांचे वाढलेले प्रमाण नोंदवले. तिथल्या शेतकऱ्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ते पाणी आपल्याकडे उलटे वाहत येत नाही, हे खरे. पण बिदरहून जेमतेम दोन-अडीच तासांच्या वाटेवर आपले उद्याचे चित्र कसे असू शकते, ते दिसते.

झालेले नुकसान भरून काढता येते का? येते, पण किंमत ऐका. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी कामिओका इथल्या जस्ताच्या खाणीतून कॅडमियम नदीत गेले, नदीतून भातशेतीत आणि भातातून माणसात. खनिजात जस्त आणि कॅडमियम नेहमी जोडीने असतात. बायकांची हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेसुद्धा मोडत. वेदनेने विव्हळण्याच्या आवाजावरून लोकांनी त्या रोगाला 'इताई-इताई' म्हटले. आपल्या भाषेत 'आई गं, आई गं'. १९६८ साली जपान सरकारने तो प्रदूषणाने झालेला रोग असल्याचे मान्य केले. पुढे १९७९ पासून शेतांची वरची माती काढून किंवा गाडून त्यावर नवी माती घालण्याचे काम सुरू झाले. ८६३ हेक्टर जमीन दुरुस्त करायला २०१२ साल उजाडले. श्रीमंत आणि शिस्तीच्या देशाला आपल्या एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढ्या जमिनीसाठी ३३ वर्षे लागली. आपल्याकडे कोण, कशाच्या जोरावर हे करणार? म्हणून आमच्या सगळ्या बोलण्याचे सार एका वाक्यात सांगतो: मातीतून धातू काढणे जवळजवळ अशक्य आहे, मातीत जाऊ न देणे मात्र आपल्या हातात आहे.

इथे शेतकरी बांधवांच्या मनात येईल, "आमच्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे, मग काळजी कशाला?" ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि ती उपयोगाचीच आहे. पण त्या पत्रिकेत काय असते ते वाचून पाहा. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक; जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन; आणि सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. एकूण १२ गोष्टी. जमिनीत पिकासाठी काय कमी आहे, हे ती पत्रिका सांगते. माणसासाठी काय जास्त आहे, हे ती विचारतच नाही. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांचा रकाना तिच्यात नाही. पत्रिका उत्तम आली म्हणून जमीन निर्धोक ठरत नाही. ताप नाही म्हणून साखर तपासायची नाही, असे आपण म्हणतो का?

ती तपासणी वेगळी मागावी लागते. त्यासाठी अणुशोषण वर्णपटमापीसारखे यंत्र असलेली मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. कुठे पाठवायचे ते कृषी विज्ञान केंद्रात किंवा रायचूरच्या कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांना विचारावे. नमुना घेण्याची रीत मात्र नीट पाळावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करून त्याच्या कडेची माती घ्यावी, सगळी एकत्र करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, असे अर्धा किलो उरेपर्यंत करावे. उकिरड्याजवळची, बांधाची, रस्त्याकडेची माती त्यात मिसळू नये. धातूच तपासायचे असल्याने शेवटची माती लाकडी किंवा प्लास्टिकच्या उलथन्याने गोळा करावी, गंजलेल्या घमेल्यात कालवू नये. सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत भरावी. खर्च एकट्याला जड जातो. एका ओढ्याच्या काठच्या दहा शेतकऱ्यांनी मिळून दोन-तीन नमुने पाठवले तरी अंदाज येतो. विहिरीच्या पाण्याचा नमुनाही सोबत द्यावा.

कारखान्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. आता थोडे आपल्या घराकडे वळू. धातू मातीत जाण्याच्या कितीतरी वाटा आपल्या अंगणातून जातात.

पहिली वाट बॅटरीची. वीज जाते म्हणून घरोघर इन्व्हर्टर आले. त्या बॅटरीत शिसे आणि गंधकाम्ल असते. जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली की चार पैसे जास्त मिळतात. तो ती कुठल्यातरी वाड्याच्या मागे फोडतो, आम्ल जमिनीवर ओततो, शिसे वितळवतो. २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी आणि पावती घ्यावी.

दुसरी वाट रंगाची. घराच्या रंगातले शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारे-खिडक्यांवरचे रंगाचे पोपडे खरवडले की चुरा अंगणात पडतो. रांगते मूल अंगणात खेळते आणि हात तोंडात घालते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. शिशाने मूल लगेच आजारी पडत नाही. त्याची बुद्धी थोडी मंदावते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला आळशी म्हणतो आणि शिकवणी लावतो. शिशाची सुरक्षित अशी कुठलीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तिसरी वाट शेताची. स्फुरदयुक्त खत ज्या खडकापासून करतात, त्यात थोडे कॅडमियम नैसर्गिकपणेच असते. माती परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकले म्हणून दोन पोती डीएपी आपणही टाकले, तर पैसा जातो आणि कॅडमियमही येते. झिंक सल्फेट घेताना तर जास्त जपावे. सरकारने त्यातल्या शिशाला आणि कॅडमियमला मर्यादा घालून दिली आहे. पण विनापावतीचा, विनाशिक्क्याचा स्वस्त माल कारखान्याच्या जस्ताच्या राखेपासून केलेला असू शकतो. पावती नसेल तर पोते घेऊ नये. शहरातल्या कचऱ्याच्या खतालाही अशाच मर्यादा आहेत. ओला-सुका कचरा वेगळा केला नाही, तर त्या खतात सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे यांचा अंश उतरतो आणि तो कचरा आपल्याच घरातला असतो.

चौथी वाट जरा नाजूक आहे. परंपरेने शेंदूर म्हणजे शिशाचाच तांबडा ऑक्साईड आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. मारुतीला, गणपतीला शेंदूर चढवण्यामागच्या भक्तीविषयी आम्हाला पूर्ण आदर आहे. आमचे सांगणे एवढेच की शेंदूर लावल्यावर हात धुवावेत, तो लहान मुलांच्या हाती किंवा तोंडी जाऊ देऊ नये आणि मूर्तीवरचे जुने कवच उतरवल्यावर ते विहिरीत किंवा तुळशीत टाकू नये.

आणि आता बाप्पाची मूर्ती. मातीचा गणपती मातीत मिळतो, हे आपल्या उत्सवाचे मर्म आहे. पार्थिव गणेश म्हणजेच पृथ्वीचा, मातीचा गणेश. मूर्ती मातीची असली, तरी तिच्यावरचा चकाकणारा तेलरंग मातीचा नसतो. त्या रंगांत शिसे, क्रोमियम यांची संयुगे असू शकतात. केंद्रीय मंडळाच्या मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत प्लास्टर ऑफ पॅरिस टाळा आणि नैसर्गिक, पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंग वापरा, असे स्पष्ट सांगितले आहे. हल्ली पुष्कळजण घरीच बादलीत विसर्जन करतात आणि ते पाणी मोठ्या श्रद्धेने तुळशीला, जास्वंदीला, परसातल्या मेथी-पालकाला घालतात. हेतू फार चांगला आहे. पण मूर्ती रासायनिक रंगाची असेल, तर तो रंग आपण स्वतःच्या हाताने पालेभाजीच्या मुळाशी नेऊन घातला. आणि सगळ्या पिकांत कॅडमियम सहजपणे ओढून घेतात त्या पालेभाज्याच. म्हणून हळद, गेरू, काव अशा रंगांची मूर्ती असेल तरच ती माती बागेत घालावी. नसेल तर नगरपालिकेच्या कुंडात द्यावी.

इतके ऐकल्यावर घरातल्या माउलीने विचारावे, "मग आम्ही भाजी खाऊ नये का?" खावी, जरूर खावी. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुवावी; पानावरची धूळच पुष्कळदा जास्त धातू आणते. मुळा-गाजर सोलून घ्यावे. चपला दाराबाहेर काढण्याची आपली जुनी रीत सोडू नये. मुलांना जेवणाआधी हात धुवायला लावावेत. परसात शेणखत भरपूर घालावे; सेंद्रिय कर्ब शिसे-कॅडमियमला धरून ठेवतो. वायर, टायर, जुनी यंत्रे जाळू नयेत आणि कुणाला जाळू देऊ नयेत. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

जे घरात होत नाही ते मिळून करावे लागते. २०२५ च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जाहीर केले. त्यानुसार नागरिकांनी तक्रार केली, तर स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने ती जागा संशयित म्हणून नोंदवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायची आहे. पुढची तपासणी मंडळाने करायची आणि दोष ठरला तर खर्च प्रदूषण करणाऱ्याने सोसायचा. नियम कागदावर आहे. तो वापरण्यासाठी अर्ज लिहिणारा माणूस लागतो, नमुन्याचा अहवाल जोडणारा माणूस लागतो. मराठी माणूस अर्ज लिहिण्यात मागे नाही, असा आपला लौकिक आहे. आपल्यात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतले आहेत. शेतकऱ्याला कन्नड आणि मराठीत असा अर्ज लिहून देणे, ही मंडळाची सेवा होऊ शकते.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पुढच्या वर्षीपासून मंडळाची मूर्ती बिनरंगाची किंवा नैसर्गिक रंगाची असावी. वर्गणीतला लहानसा भाग बाजूला काढून दरवर्षी एका ओढ्याकाठच्या माती-पाण्याचे नमुने धातूंसाठी तपासून घ्यावेत आणि अहवाल त्या गावाच्या ग्रामपंचायतीला द्यावा. आणि उत्सवाच्या दहा दिवसांत एक दिवस सभासदांच्या घरच्या जुन्या बॅटऱ्या, सेल, ट्यूबलाइट गोळा करून अधिकृत ठिकाणी पोचवाव्यात. खर्च मांडवाच्या एका कमानीएवढाही येणार नाही.

किल्ल्यातल्या मातीची चव घेणारा कारागीर पुन्हा आठवतो. त्याचा मातीवर विश्वास आहे, म्हणून तो ती जिभेवर ठेवू शकतो. आपल्या नातवंडांनीही ढेकूळ हातात घ्यावे, मातीत लोळावे, कच्ची काकडी शेतातच पुसून खावी आणि आपल्या पोटात धस्स होऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. आपल्या वाडवडिलांना ते सुख न मागता मिळाले होते. आपल्याला ते जपून पुढे द्यायचे आहे.

विसर्जनाच्या दिवशी 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना, बाप्पा ज्या मातीतून येणार आहे तिचीही आठवण ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!